एकाच स्फटिकाची तीन रिझोल्यूशनं: तक्त्यात आकडा कोणता लिहायचा?

अडचण साधारण अशी सुरू होते. प्रथिनाचा स्फटिक क्ष-किरणांच्या बीमसमोर लावला, पहिल्या फोटोत विखुरलेल्या किरणांचे स्पॉट पार डिटेक्टरच्या कडेपर्यंत पोचलेले. स्फटिक ९० अंश फिरवून दुसरा फोटो घेतला, तर स्पॉट अर्ध्या वाटेतच विरलेले. पुढे डेटा प्रोसेस होतो, रचना सुटते, आणि पेपरचा पहिला तक्ता भरायला बसलं की हात अडतो. रिझोल्यूशन (किती बारीक तपशील दिसतो ते; आकडा लहान तितकं चांगलं) २.१ अँगस्ट्रॉम लिहावं तर शेवटच्या शेलचा, म्हणजे रिझोल्यूशनच्या सगळ्यात बाहेरच्या थराचा, कंप्लीटनेस (अपेक्षित स्पॉटपैकी हाती आलेले) ४ टक्के दिसतो आणि समीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो. ३.३ लिहावं तर कंप्लीटनेस ९९ टक्के, पण इलेक्ट्रॉन घनतेच्या मॅपमध्ये प्रथिनाच्या ज्या साइडचेन स्पष्ट दिसत होत्या त्या पुसट होतात.

हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो, बहुतेक वेळा पेपर पाठवायच्या आदल्या रात्री. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. समजावण्यासाठी एक डेटासेट धरून चालू. स्फटिक ऑर्थोऱ्हॉम्बिक आहे, म्हणजे तिन्ही अक्ष एकमेकांना काटकोनात; स्पॉट ज्या व्युत्क्रम जालकात मांडलेले असतात त्याचे अक्ष ए-स्टार, बी-स्टार आणि सी-स्टार. ए-स्टारच्या दिशेने २.१, बी-स्टारच्या दिशेने २.४ आणि सी-स्टारच्या दिशेने ३.३ अँगस्ट्रॉमपर्यंत उपयोगी माहिती आहे. आकडे मी उदाहरणापुरते धरलेले आहेत, पण दुखणं खरं आहे. त्याला ॲनआयसोट्रॉपी म्हणतात: डेटाचा दर्जा दिशेनुसार वेगळा असणं.

असं होतं कारण स्फटिक सगळ्या दिशांना सारख्याच शिस्तीत बांधलेला नसतो. भाकऱ्यांची चवड डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक भाकरी आपापल्या जागी एकसंध, पण दोन भाकऱ्यांमधलं अंतर कुठे कमी, कुठे जास्त. प्रथिनांचे रेणू एका थरात एकमेकांना घट्ट धरून असतील आणि दोन थरांमध्ये जेमतेम दोन-तीन संपर्क असतील, तर त्या दिशेची सुव्यवस्था ढिली पडते. पातळ पापुद्र्यासारखे वाढणारे स्फटिक असे वागताना वारंवार दिसतात.

गणितात हे बी-फॅक्टरमधल्या फरकातून येतं. तीव्रता रिझोल्यूशनबरोबर कशी घसरते ते बी ठरवतो, आणि इथे बी दिशेनुसार वेगळा असतो. सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट दिशा यांच्यात ४० चौरस अँगस्ट्रॉमचा फरक असेल, तर ३ अँगस्ट्रॉमला वाईट दिशेची सरासरी तीव्रता चांगल्या दिशेच्या सुमारे नवव्या हिश्शावर येते, २.५ ला पंचविसाव्या हिश्शावर, आणि २.१ ला नव्वदाव्या हिश्शाच्याही खाली. म्हणजे जिथे एका बाजूला ठसठशीत स्पॉट आहे, तिथेच दुसऱ्या बाजूला केवळ पार्श्वभूमीचा गोंगाट. दोन्ही एकाच गोल शेलमध्ये टाकून सरासरी काढली की जो आकडा येतो तो कुठल्याच दिशेचा नसतो.

आधी खात्री करा: हा दोष स्फटिकाचा की मोजणीचा?

इथे लोक घाई करतात, आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते ती इथल्याच घाईमुळे. डेटा एका दिशेने कमजोर दिसला म्हणजे स्फटिक त्या दिशेने कमजोर आहेच असं नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः यात फसले. सी-स्टारची दिशा कमजोर, असा निष्कर्ष काढून मी लंबगोल कापणीही (दिशेनुसार वेगवेगळ्या मर्यादेबाहेरचा डेटा सोडून देणं) करून टाकली होती. नंतर त्याच थेंबातला दुसरा स्फटिक त्याला धरणाऱ्या लूपमध्ये वेगळ्या कोनात बसला, आणि त्यात सी-स्टार उत्तम निघाली, ए-स्टार मार खाऊन गेली. पहिल्या वेळी सी-स्टारजवळची बरीचशी रिफ्लेक्शनं, म्हणजे स्पॉट, फिरवण्याच्या अगदी शेवटच्या भागात मोजली गेली होती आणि तोवर स्फटिक किरणांनी भाजून निघाला होता. जी कमजोरी मी दिशेची समजत होते, ती वेळेची होती. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: दुसरा स्फटिक आहे का? असेल तर त्याचा थोडा तरी डेटा घ्या. खरी ॲनआयसोट्रॉपी स्फटिकाच्या अक्षांना चिकटून राहते. लूपमध्ये स्फटिक कसाही बसवा, कमजोर दिशा तीच निघते. मोजणीचा दोष प्रयोगशाळेच्या अक्षांना, फिरवण्याच्या कोनाला किंवा वेळेला चिकटलेला असतो.

दुसरा स्फटिक नसेल तर प्रत्येक फोटोचा स्केल (सगळे फोटो एका मापावर आणणारा गुणक) आणि बी-फॅक्टर यांचा आलेख काढा. आलेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच बाजूला सरकत गेला असेल तर किरणोत्सर्गाने झालेलं नुकसान समजा आणि शेवटचे फोटो वगळून पुन्हा स्केलिंग करा. आलेख १८० अंशांच्या फेऱ्यात एकदा वर, एकदा खाली असा लाटेसारखा जात असेल, तर पातळ स्फटिकाचा कमी-जास्त भाग बीममध्ये येत असतो. हे स्केलिंगने बऱ्याच अंशी सावरतं. काही थोडेच फोटो अचानक पडलेले असतील तर लूपची किंवा स्फटिक फिरवणाऱ्या गोनिओमीटरची सावली पडली का ते पाहा.

आणि डेटा मुळात मोजलाच गेला नव्हता, ही शक्यता तर सगळ्यात आधी तपासायची. फिरवण्याचा पल्ला अपुरा असेल, तर व्युत्क्रम जालकाचा एक पाचर-भाग रिकामा राहतो. डिटेक्टर फार मागे असेल, तर चांगल्या दिशेचे स्पॉट कडेबाहेर निघून जातात. ‘नाही’ आणि ‘मोजलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढे कंप्लीटनेसच्या चर्चेत हाच फरक कळीचा ठरतो.

एक तपासणी सममितीची. घन म्हणजे क्युबिक स्फटिकात डेटाची एकूण ॲनआयसोट्रॉपी सममितीमुळे शक्यच नसते. तिथे ती दिसली तर स्पेस ग्रुप (स्फटिकाच्या सममितीचा गट) चुकलाय किंवा मोजणीत काहीतरी बिघडलंय. टेट्रॅगोनल, ट्रायगोनल आणि हेक्झॅगोनलमध्ये ए-बी प्रतलातल्या सगळ्या दिशा सारख्या आणि फक्त सी वेगळी राहू शकते. ऑर्थोऱ्हॉम्बिकमध्ये तिन्ही दिशा वेगळ्या, पण मुख्य अक्ष ए, बी, सी यांच्यावरच बसलेले. मोनोक्लिनिकमध्ये एक मुख्य अक्ष बी वर असतो, उरलेले दोन ए-सी प्रतलात कुठेही वळलेले असू शकतात. ट्रायक्लिनिकमध्ये तर कशावरच बंधन नाही. हे लक्षात ठेवा, तक्ता भरताना लागेल.

गोल शेलमधले नेहमीचे निकष इथे का फसवतात

२०१२ साली कार्प्लस आणि डिडरिक्स या शास्त्रज्ञांनी सीसी-हाफ हा निकष पुढे आणला, आणि आय ओव्हर सिग्मा (तीव्रता भागिले तिची अनिश्चितता) २ च्या खाली गेला की कापून टाकायच्या जुन्या सवयीतून आपली सुटका झाली. डेटा दोन यादृच्छिक अर्ध्यांत वाटायचा आणि त्यांच्यातला सहसंबंध पाहायचा. ०.३ चा सीसी-हाफ म्हणजे सीसी-स्टार (खऱ्या तीव्रतांशी असलेल्या सहसंबंधाचा अंदाज) सुमारे ०.६८, इतका दुबळा डेटाही प्रारूप सुधारायला मदत करू शकतो. हा निकष मी रोज वापरते.

पण तो गोल शेलवर काढला जातो, आणि ॲनआयसोट्रॉपिक डेटात त्याला एक फुकटची चढण मिळते. शेलमधली काही रिफ्लेक्शनं चांगल्या दिशेची, म्हणून जोरदार. बाकीची जवळजवळ शून्य. या दोन गटांमधल्या तफावतीनेच दोन अर्ध्यांचा सहसंबंध वाढतो. सीसी-हाफ ०.३ आला म्हणजे त्या शेलमध्ये सगळीकडे माहिती आहे असा अर्थ लावू नका. एका कोपऱ्यातली मूठभर रिफ्लेक्शनं सगळ्या शेलची अब्रू राखत असतात. सरासरी आय ओव्हर सिग्माचं उलट होतं: वाईट दिशेचा गोंगाट चांगल्या दिशेला खाली ओढतो.

म्हणून दिशानिहाय आकडे मागा. डेटा स्केल करणाऱ्या एमलेस या प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये एकूण मर्यादेखाली व्युत्क्रम अक्षांच्या आसपासच्या शंकूंमधल्या वेगळ्या मर्यादा छापलेल्या असतात, शिवाय ॲनआयसोट्रॉपिक डेल्टा-बी (दिशांमधला बी चा फरक) हा आकडाही. लॉग शेवटपर्यंत न वाचणाऱ्यांना तो दिसत नाही. फेनिक्स या सॉफ्टवेअरमधला एक्सट्रायाजही ॲनआयसोट्रॉपीचा अंदाज देतो. या दोन्ही ठिकाणी दिशांमधला फरक लहान असेल, म्हणजे समजा २.१, २.१५ आणि २.२, तर पुढचं काहीही करायची गरज नाही. गोल कापणी करा, नेहमीचा तक्ता भरा. रिफाइनमेंटचे (प्रारूप डेटाशी जुळवत नेण्याचे) सगळे प्रमुख प्रोग्रॅम एकूण ॲनआयसोट्रॉपिक स्केल स्वतःच लावतात.

कापायचं कुठे आणि कसं

फरक मोठा असेल, तर गोलाऐवजी दुसरा आकार लागतो. हापूसची कोय हातात घेतल्यासारखं समजा: लांबी, रुंदी, जाडी तिन्ही वेगळ्या. आपल्या उदाहरणात व्युत्क्रम अवकाशात लांबीच्या दिशेला ए-स्टार, जाडीच्या दिशेला सी-स्टार. कोयीच्या आतली रिफ्लेक्शनं ठेवायची, बाहेरची सोडायची.

ही पद्धत अनेकांच्या हाती पोचली ती २००६ मध्ये. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने क्षयाच्या जिवाणूतल्या पीई आणि पीपीई प्रथिनांच्या जोडीची रचना सोडवली. तिचा डेटा तीव्र ॲनआयसोट्रॉपिक होता, आणि त्यासाठी त्यांनी लंबगोल कापणी, ॲनआयसोट्रॉपिक स्केलिंग आणि ऋण बी लावून टोकदारपणा परत आणणं असे तीन टप्पे वापरले. तेच नंतर सर्व्हरच्या रूपात सगळ्यांना खुलं झालं. तिथे सीमा तीन अक्षांवरच्या एफ ओव्हर सिग्मावरून (एफ म्हणजे ॲम्प्लिट्यूड) ठरते. ग्लोबल फेजिंग कंपनीचा स्टारअनायसो हा प्रोग्रॅम पुढे जातो: तो स्थानिक सरासरी आय ओव्हर सिग्मा पाहून सीमेचा पृष्ठभागच शोधतो, जो नेमका लंबगोल असेलच असं नाही, आणि मग त्यावर लंबगोल बसवून तीन मर्यादा सांगतो. मूळ सेटिंगमध्ये स्थानिक आय ओव्हर सिग्माची सीमा १.२ असते. ती बदलता येते, म्हणूनच ती तक्त्यात लिहावी लागते.

यात वारंवार होणारी एक चूक आहे. लोक आधी एक्सडीएस किंवा एमलेसमध्ये २.६ ला गोल कापतात आणि तो कापलेला डेटा स्टारअनायसोला देतात. मग चांगल्या दिशेची मर्यादाही २.६ येते आणि प्रोग्रॅम बिघडलाय अशी तक्रार सुरू होते. कोय आधीच गोल चाकूने कापून झाली, आता लांबी कुठून येणार? इंटिग्रेशन (स्पॉटची तीव्रता मोजणं) डिटेक्टरच्या कोपऱ्यापर्यंत करा, स्केलिंगमध्ये कापू नका, आणि शक्य असेल तर मर्ज न केलेला (एकाच रिफ्लेक्शनच्या अनेक मोजण्या एकत्र न केलेला) डेटा द्या.

दुसरी चूक कमी दिसते, पण जास्त नुकसान करते. तीव्रतेवरून ॲम्प्लिट्यूड (ढोबळमानाने तिचं वर्गमूळ) काढताना फ्रेंच आणि विल्सन यांची १९७८ ची पद्धत वापरली जाते. दुबळ्या किंवा ऋण तीव्रतेला ती शेलच्या सरासरीच्या आधाराने धन करते. सरासरी सगळ्या दिशांना एकच धरली, तर वाईट दिशेच्या रिफ्लेक्शनांना त्यांच्या लायकीपेक्षा मोठा ॲम्प्लिट्यूड मिळतो. शांत जागी प्रोग्रॅम आपणहून कुजबूज भरतो. दिशेनुसार बदलणारी सरासरी वापरणारा प्रोग्रॅम निवडला की हे टळतं.

मॉलेक्युलर रिप्लेसमेंटसाठी (माहीत असलेल्या रचनेवरून नवी रचना सोडवण्यासाठी) मात्र यातलं काही करू नका. त्यासाठीचा फेसर हा प्रोग्रॅम ॲनआयसोट्रॉपीची दुरुस्ती स्वतः करतो. त्याला न कापलेला डेटाच द्या.

आता मूळ प्रश्न: लिहायचं काय

आपल्या डेटासेटचा हिशेब मांडू. गोलातली रिफ्लेक्शनं एक भागिले डीच्या (डी म्हणजे रिझोल्यूशनचा आकडा) घनाच्या प्रमाणात असतात. लंबगोलाचं घनफळ तीन मर्यादांच्या गुणाकाराने ठरतं: २.१ गुणिले २.४ गुणिले ३.३ म्हणजे १६.६. त्याचं घनमूळ २.५५. म्हणजे आपल्याकडे जितकी रिफ्लेक्शनं आहेत, तितकी २.५५ अँगस्ट्रॉमच्या पूर्ण, सर्व दिशांना सारख्या डेटात असती. आणि २.१ च्या पूर्ण गोलाच्या तुलनेत ती सुमारे ५६ टक्के भरतात. बाहेरच्या २.२ ते २.१ या शेलमध्ये तर लंबगोलाची फक्त दोन टोकं शिरतात. सगळं नीट मोजलं असूनही गोलाकार कंप्लीटनेस जेमतेम ४ टक्के.

इथे समीक्षकाचं बोट आणि विद्यार्थ्याची भीती दोन्ही उलगडतात. ४ टक्के हा मोजणीतला हलगर्जीपणा नाही, कोयीचा आकारच तसा आहे. हे दाखवण्यासाठी दोन कंप्लीटनेस शेजारी शेजारी द्यायचे. गोलाकार कंप्लीटनेस सांगतो की २.१ च्या संपूर्ण गोलापैकी हातात किती आहे. लंबगोल कंप्लीटनेस सांगतो की सीमेच्या आत जे असायला हवं होतं त्यापैकी किती मोजलं. पहिला ४ आणि दुसरा ९२ असेल, तर मोजणी उत्तम, स्फटिक एका दिशेने ढिला. पहिला ४ आणि दुसरा ४५ असेल, तर गोष्ट निराळी. चांगल्या दिशेचे स्पॉट डिटेक्टरबाहेर गेलेत किंवा पाचर रिकामा आहे, आणि लंबगोलाचं नाव सांगून ते झाकता येणार नाही. फक्त लंबगोल आकडा देऊन गोलाकार गाळणारे तक्ते मी पाहिलेत. समीक्षक म्हणून मी ते परत पाठवते, कारण ९२ टक्के एवढंच वाचणाऱ्याला २.१ चा भरलेला गोल डोळ्यांसमोर येतो.

रिझोल्यूशनच्या रकान्यात तीन मर्यादा लिहा, आणि प्रत्येकीची दिशाही. ऑर्थोऱ्हॉम्बिकला ए-स्टार, बी-स्टार, सी-स्टार पुरतं. मोनोक्लिनिक आणि ट्रायक्लिनिकला ते पुरत नाही. मुख्य अक्ष ए-स्टार आणि सी-स्टारच्या मधोमध कुठेतरी वळलेला असेल, तर फक्त ए-स्टार आणि सी-स्टारवरचे आकडे दिल्याने सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट दिशा दोन्ही लपून जातात. स्टारअनायसो प्रत्येक अक्षाची दिशा व्युत्क्रम अक्षांच्या पटीत छापतो. तीच तळटीपेत उतरवा.

त्याशिवाय सीमा कशी ठरवली तो निकष आणि त्याची किंमत, प्रोग्रॅमचं नाव आणि आवृत्ती, डेल्टा-बी, आणि ठेवलेल्या वेगवेगळ्या (युनिक) रिफ्लेक्शनांची संख्या. ही शेवटची संख्या मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. तिला दिशा नाही, निकषाचा वाद नाही. रचनेत किती अणू आहेत हे माहीत असणारा वाचक ती पाहून स्वतःच अंदाज बांधतो.

आणखी एक स्तंभ मी आग्रहाने मागते: त्याच डेटाची गोल कापणी केली असती तर आकडे काय आले असते. लंबगोल कापणीनंतर दुबळी रिफ्लेक्शनं निघून गेलेली असतात, त्यामुळे शेवटच्या शेलचा आय ओव्हर सिग्मा आपोआप देखणा दिसतो. शेजारी न कापलेल्या डेटाचे आकडे असले की वाचक दोन्हींची तुलना करू शकतो.

राहिला शीर्षकाचा आणि सारांशाचा प्रश्न, जिथे तीन आकडे मावत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: ‘२.१ अँगस्ट्रॉमची रचना’ असं लिहू नका. ‘२.१ ते ३.३ अँगस्ट्रॉम, दिशेनुसार’ इतकं सहज मावतं. एकच आकडा द्यायची सक्ती असेल, तर सर्वांत चांगल्या दिशेचा आकडा द्या, पण त्याच वाक्यात ‘सर्वांत चांगल्या दिशेला’ हे शब्द हवेत. २.५५ हा समतुल्य आकडा उपयोगी आहे, पण तो कसा काढला हे सांगितल्याशिवाय एकटा वापरू नका. तो रिफ्लेक्शनांची संख्या सांगतो, मॅप कुठल्या दिशेने किती स्पष्ट आहे ते सांगत नाही.

हा काथ्याकूट कशासाठी, असं विचारणाऱ्यांसाठी: तुमची रचना पुढे कोण वापरणार याचा विचार करा. पीडीबी या रचनांच्या सार्वजनिक साठ्यात रिझोल्यूशनच्या गाळणीने शोध घेणारा औषधरसायनज्ञ तुमचा पेपर उघडणार नाही. त्याला २.१ दिसेल आणि तो सक्रिय जागेतल्या प्रत्येक पाण्याच्या रेणूवर विश्वास ठेवेल. पण त्या मॅपमध्ये सी अक्षाच्या दिशेने घनता ताणलेली आहे. सी ला आडवी पसरलेली साइडचेन नेमकी बसली असेल, सी च्या दिशेने उभी असलेली नसेलही. एकमेकांवर सी च्या दिशेने रचलेले दोन पाण्याचे रेणू तिथे एकाच लांबट ठिपक्यात मिसळून जातात.

रिफाइनमेंटमधले सापळे

आर-फ्रीची (रिफाइनमेंटमधून बाजूला ठेवलेल्या रिफ्लेक्शनांवर मोजलेल्या चुकीची) तुलना करताना सांभाळा. लंबगोल कापणीनंतर आर-फ्री दोन टक्क्यांनी उतरला म्हणून प्रारूप सुधारलं असं होत नाही. अवघड रिफ्लेक्शनं परीक्षेतूनच काढून टाकली आहेत. तुलना करायची तर दोन्ही प्रारूपं एकाच रिफ्लेक्शन-संचावर तपासा. जोडीने रिफाइनमेंट करण्याची कार्प्लस-डिडरिक्स यांची पद्धत याच कामाची आहे. आर-फ्रीचा संच कापणीच्या आधी, पूर्ण गोलावर ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. सीमा बदलली म्हणून नवा संच निवडला तर जुनी तपासणी बाद झाली.

सगळ्यात धोकादायक सापळा मॅपचा आहे. जी रिफ्लेक्शनं नाहीत त्यांच्या जागी प्रारूपातून काढलेली किंमत भरण्याची सोय रिफाइनमेंट प्रोग्रॅममध्ये असते. सामान्य डेटात दोन-तीन टक्के जागा अशा भरल्या जातात आणि फारसं बिघडत नाही. आपल्या डेटात २.१ च्या गोलातल्या ४४ टक्के जागा रिकाम्या आहेत. त्या भरल्या की मॅप एकदम सुंदर दिसतो, कारण त्यात तुमचंच प्रारूप तुम्हाला परत दिसत असतं. फेनिक्स भरलेला आणि न भरलेला असे दोन्ही मॅप देतो. पाणी ठेवायचं की नाही, लिगंड (प्रथिनाला चिकटणारा रेणू) आहे की नाही, हे निर्णय न भरलेल्या मॅपवर घ्या, आणि पेपरमधल्या चित्राखाली कुठला मॅप आहे ते लिहा.

बी-फॅक्टर, टीएलएस (प्रथिनाचे भाग एकसंध हलतात असं धरणारी पद्धत), नियंत्रणांचं (बंधांच्या लांबीसारख्या अपेक्षित किमतींचं) वजन ही निवड करतानाही डोक्यात २.१ नको, २.५५ ठेवा. रिफ्लेक्शनं तेवढीच आहेत.

पीडीबीत ठेवताना

नोंदीच्या पानावर जो रिझोल्यूशनचा आकडा दिसतो तो रिफाइनमेंटच्या वरच्या मर्यादेवरून येतो. आपल्या बाबतीत तिथे २.१ येईल, आणि पडताळणी अहवालात तुमची रचना २.१ च्या आसपासच्या रचनांशी तोलली जाईल. अहवालातले दर्जा दाखवणारे स्लायडर तांबड्या बाजूकडे झुकलेले पाहून घाबरू नका. तुलना चुकीच्या पंगतीतल्यांशी होते आहे. पण ते टाळण्यासाठी खरा आकडा बदलूनही लिहू नका. एमएमसिफ या पीडीबीच्या फाइल-स्वरूपात अशा डेटासाठी वेगळे रकाने आहेत: तीन मर्यादा, त्यांच्या अक्षांच्या दिशा, गोलाकार आणि लंबगोल कंप्लीटनेस. प्रोसेसिंगच्या प्रोग्रॅमने तयार केलेली एमएमसिफ फाइल जशीच्या तशी चढवली तर ते आपोआप भरले जातात. हाताने टाइप करायला बसलं की नेमके हेच रिकामे राहतात.

स्ट्रक्चर-फॅक्टर फाइलमध्ये एकापेक्षा जास्त संच ठेवता येतात. पहिला, रिफाइनमेंटला वापरलेला. दुसरा, न कापलेला आणि न दुरुस्त केलेला. मर्ज न केलेला ठेवता आला तर उत्तमच. ॲनआयसोट्रॉपीची दुरुस्ती लावलेले ॲम्प्लिट्यूड एकटे ठेवू नका. त्यात मूळ घसरण पुसलेली असते, आणि दहा वर्षांनी कुणाला चांगल्या पद्धतीने सीमा ठरवायची असेल, तर त्याच्या हाती काही उरत नाही. मूळ फोटो झेनोडोसारख्या सार्वजनिक साठ्यात ठेवून त्याचा दुवा पेपरमध्ये द्या.

पुढच्या वेळी बीमवर

इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) असो की ग्रनोबलला, बीमटाइम वाट पाहून मिळतो. तिथे दोन मिनिटं जास्त द्या. चाचणीचे फोटो ० आणि ९० अंशांना घ्या, पापुद्र्यासारखा स्फटिक असेल तर ४५ लाही. डिटेक्टरचं अंतर सगळ्यात चांगल्या दिशेवरून ठरवा. सरासरीवरून ठरवलं तर चांगल्या दिशेचा डेटा कायमचा गमावतो आणि कुठलाही सर्व्हर तो परत आणू शकत नाही. फक्त लांब अक्षावरचे स्पॉट एकमेकांवर चढत नाहीत ना तेवढं बघा. डोस (किरणांची मात्रा) असा वाटा की शेवटच्या फोटोपर्यंत स्फटिक टिकेल. कमजोर दिशेला एकाच फोटोवर जास्त वेळ देण्यापेक्षा कमी डोसचे अनेक फेरे बरे पडतात, आणि स्फटिक वेगवेगळ्या कोनांत वळवणारा कप्पा गोनिओमीटर असेल तर दुसऱ्या कोनातून एक फेरा नक्की घ्या.

आणि एवढं सगळं करूनही समीक्षकाने ‘शेवटच्या शेलमध्ये ४ टक्केच कंप्लीटनेस का?’ असं विचारलंच, तर उत्तर लांबवू नका. दोन्ही कंप्लीटनेसचा तक्ता द्या. एकाच जागेचा न भरलेला मॅप तीन वेळा दाखवा: ३.३ ला गोल कापून, २.५५ ला गोल कापून आणि लंबगोल कापणीने, तिन्ही एकाच पातळीवर. सोबत डिटेक्टरवरचे दोन मूळ फोटो जोडा, एक ० अंशाचा, दुसरा ९० अंशाचा, आणि दोन्हींवर २.१ आणि ३.३ ची वर्तुळं आखा.